फ्रेंच व्याकरणाचे अ‍ॅप : प्रश्नोत्तरे उत्तम, कृदंताचे स्वाध्याय सदोष

वार्षिक वर्गणी संपत आल्यामुळे नूतनीकरणाची सूचना आता रोज येते. पुन्हा पैसे भरावेत की नाही, हे ठरवताना लक्षात आलेल्या बाबी येथे मांडत आहे. शब्दसंग्रह, उच्चारसराव, स्मरणसूचना या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. मी हे अ‍ॅप घेतले ते केवळ त्यातील व्याकरणासाठी.

शिकणाऱ्यांना हमखास पडणाऱ्या शंकांना तेथील शिक्षक कारणासह उत्तरे देतात. 'माझ्याकडे पाव नाही' असे म्हणताना 'द्यु पँ'चे ('पँ' म्हणजे पाव, 'द्यु' हे त्याआधीचे अनिश्चित परिमाण दाखवणारे उपपद) 'द पँ' होते, मग 'हा पाव नाही' या वाक्यात 'द्यु' का टिकतो, हा प्रश्न मलाही छळत होता. पहिल्या वाक्यात पाव असणेच नाकारले जाते. दुसऱ्यात वस्तू समोर असते आणि 'एत्र' ('असणे') या क्रियापदाने फक्त तिची ओळख नाकारली जाते, या उत्तराने तो कायमचा मिटला. 'सोर्तीर' (बाहेर पडणे किंवा काढणे) या क्रियापदाचेही तसेच : भूतकाळात 'ती बाहेर पडली' म्हणताना साहाय्यक क्रियापद 'एत्र', पण 'तिने गाडी बाहेर काढली' म्हणताना प्रत्यक्ष कर्म आल्यामुळे 'आव्वार' (जवळ असणे). इतके नेमके विवेचन मला अन्यत्र मिळाले नव्हते.

स्वाध्याय मात्र या दर्जाचे नाहीत, आणि माझी मुख्य तक्रार भूतकालवाचक कृदंताच्या, म्हणजे साहाय्यक क्रियापदाबरोबर येणाऱ्या 'लिहिलेले'सारख्या रूपाच्या, धड्याविषयी आहे. 'पत्र लिहिले', 'चिठ्ठी लिहिली' असे कर्मानुसार बदलणारे क्रियापद मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेले असते. फ्रेंचमध्ये 'आव्वार'बरोबरचे कृदंत कर्म आधी आले तरच त्याच्याशी जुळते, म्हणून 'जे एक्री युन लेत्र' (मी पत्र लिहिले), पण 'ला लेत्र क जे एक्रीत' (मी लिहिलेले पत्र; फ्रेंचमध्ये 'लेत्र' स्त्रीलिंगी). हा भाग ठीक शिकवला आहे. गोंधळ आत्मवाचक क्रियापदांत, म्हणजे कर्ता स्वतःवरच क्रिया करतो अशा क्रियापदांत, आहे. 'एल से कुपे', म्हणजे तिने स्वतःला कापून घेतले, येथे कृदंताला स्त्रीलिंगाचे जादा 'ए' (e) हे अक्षर लागते. परंतु 'एल से कुपे ल द्वा' (तिने स्वतःचे बोट कापले) या वाक्यात बोट हे प्रत्यक्ष कर्म असून ते नंतर येते आणि 'स' (स्वतःला) हे सर्वनाम अप्रत्यक्ष कर्म ठरते, त्यामुळे तो 'ए' लागत नाही. अ‍ॅप मात्र 'ए' न लावलेले योग्य उत्तर चूक ठरवते. हा फरक कानाला कळतच नाही, तो केवळ लेखनात असतो. म्हणजे जिथे सराव व्हायला हवा नेमके तिथेच चुकीचे वळण लागते.

तक्रार केल्यावर 'अ‍ॅप अद्ययावत करून पाहावे' असे ठरावीक उत्तर आले. याच अ‍ॅपच्या प्रश्नोत्तरांत एका शिक्षिकेने हाच नियम बिनचूक समजावला आहे. ते उत्तर जोडून पुन्हा लिहिले, तेव्हा काहीच उत्तर आले नाही. पैसे घेणाऱ्यांनी स्वतःच्याच शिक्षकांचे लेखन वाचू नये, याचा मला अतिशय संताप आला.

सुधारणा : वरील मजकूर लिहून ठेवल्यानंतर काही आठवड्यांनी स्वाध्यायातील बोट कापल्याच्या वाक्याचे उत्तर दुरुस्त झालेले दिसले, म्हणून एक तारा देण्याचा विचार मी सोडला. परंतु दुरुस्ती त्या एका वाक्यापुरतीच आहे. पुढच्याच धड्यात 'तिने हात धुतले' या वाक्यात तीच चूक कायम आहे, वास्तविक नियम एकच. शिवाय १९९० च्या लेखनसुधारणेनुसार 'कोनेत्र' हे क्रियापद 'इ'वरील टोपीचे चिन्ह न देताही ग्राह्य असताना त्यासाठीही गुण कापले जातात.

मी तीन तारे देत आहे, आणि ते तिन्ही प्रश्नोत्तरांचे आहेत. वार्षिक वर्गणी भरणार नाही. शंका साचल्या की एका महिन्यापुरते पैसे भरून उत्तरे वाचणे मला परवडेल. ज्यांना घ्यायचेच आहे त्यांनी आत्मवाचक क्रियापदांचा धडा सोडवण्याआधी त्या विषयावरची प्रश्नोत्तरे वाचून घ्यावीत, आणि दोन्हींत विसंगती आढळल्यास शिक्षकांचेच उत्तर प्रमाण मानावे.