फिटचा इलाज: मिरजेचा तज्ज्ञ की गावचं आरोग्य केंद्र?

जत तालुक्यात एखाद्या पोराला फिट (अपस्माराचा झटका) आली की आधी कांदा हुंगवतात, मग देवऋषी, आणि शेवटी मिरज. मिरजेला मेंदूविकारतज्ज्ञ आहेत, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी), एमआरआय होतो. पहिल्या निदानाला, गोळ्या घेऊनही फिट थांबत नसेल तेव्हा, किंवा बाईला मूल हवं असेल तेव्हा (व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतं) तिथं गेलंच पाहिजे.

पण गोळ्या वर्षानुवर्षं, रोज घ्यायच्या. दर महिन्याला एसटीचं भाडं आणि दोघांचा बुडालेला रोजगार कुठून भरायचा? गोळी तिथंच तुटते, आणि अचानक तुटली की फिट उसळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तज्ज्ञ नसतो. पण १९१२ पासून वापरात असलेलं फिटचं औषध फेनोबार्बिटोन स्वस्त आहे, आणि प्रशिक्षण घेतलेला साधा डॉक्टरही ते देऊ शकतो. गुंगी येते, मुलं चिडचिडी होतात, हा त्याचा दोष.

जगातल्या सुमारे ५ कोटी रुग्णांपैकी जवळपास ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत. नीट औषध मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत लोकांची फिट थांबू शकते. माझा कौल स्पष्ट आहे: निदान मिरजेत, महिन्याची गोळी गावात. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आशाताईंना सांगून ठेवा.