पिवळाधमक गूळ की काळपट?

कोल्हापुरी गुळाच्या दोन ढेपा शेजारी ठेवा. एक पिवळीधमक, दुसरी तांबूस-काळी. गिऱ्हाईक पिवळीकडेच वळतं आणि तिथेच सगळी गोम आहे.

गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळू लागला की रानभेंडीचा चिकट रस आणि चुन्याची निवळी घालून मळी वर आणतात, झाऱ्याने काढून टाकतात. इथवर दोन्ही गूळ सारखेच. पिवळ्यासाठी पुढे चिमटीने हायड्रोस पडते, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. रंग क्षणात उजळतो, पण गुळात सल्फर डायऑक्साइड उरतो. सल्फाइट न सोसणाऱ्या दमेकऱ्याला त्याने धाप लागू शकते. अन्न सुरक्षा नियमांत त्याला मर्यादा आहे, पण काहिलीपाशी चिमूट मोजतो कोण? गंमत म्हणजे हा पिवळेपणा टिकतही नाही, पावसाळ्यात ढेप पुन्हा काळवंडते.

मग काळा गूळ निर्धोक? तसंही नाही. रस जास्त वेळ, जास्त आचेवर आटवला की उसातलं ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल आणि साखर मिळून ॲक्रिलामाइड तयार होतं, कर्करोगाला कारण ठरू शकेल असा संशय असलेलं रसायन. खाण्यात हे सापडल्याचं 2002 साली स्वीडनमधून जाहीर झालं, जपानच्या काळ्या साखरेतही ते आढळलंय. वर ‘सेंद्रिय’ची चिठ्ठी असली तरी करपट वास लपत नाही.

मी स्वतः मधला, मधाच्या रंगाचा तांबूस गूळ घेते. तुकडा जिभेवर ठेवून बघते. कडवट लागला तर परत.