आरटीएक्स ३०६० की आरटीएक्स ४०६०? दोन्ही वापरून झाल्यावर

ही दोन्ही एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डं. मी घरून इंटिरियरची थ्रीडी कामं करते. दिवसभर ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर), संध्याकाळी थोडे गेम, मधूनमधून स्क्रीन रेकॉर्डिंग. आधी जवळजवळ तीन वर्षं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, वापरलं. त्यानंतर अकरा महिने ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० वापरलं. मशीन तेच आहे: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम. जुनं कार्ड विकलं नव्हतं, त्यामुळे जेव्हा जेव्हा शंका आली तेव्हा कार्ड बदलून, ड्रायव्हर नव्याने टाकून तीच फाइल पुन्हा चालवून बघता आली.

स्पेसिफिकेशन वाचून पहिल्यांदा माझा गोंधळच झाला होता. ३०६० फेब्रुवारी २०२१ मधलं, ४०६० जून २०२३ मधलं. पण नव्यात कुडा कोअर, म्हणजे हिशेब करणारे छोटे भाग, कमी आहेत, ३०७२, जुन्यात ३५८४. तरी नवं पळतं जास्त, कारण बूस्ट क्लॉक, म्हणजे चिपचा जोरातला वेग, १७७७ मेगाहर्ट्झवरून २४६० वर गेलाय. मेमरीच्या बाबतीत मात्र सगळंच उतरलंय. १२ जीबीचे ८ जीबी, मेमरीकडे जाणारी वाट, म्हणजे बस, १९२ बिटची १२८ बिटची, त्यातून जाणारा डेटा, म्हणजे बँडविड्थ, सेकंदाला ३६० जीबीवरून २७२ जीबी. त्याची भरपाई म्हणून एल२ कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) ३ एमबीवरून २४ एमबी केलीय. जो डेटा पुन्हा पुन्हा लागतो तो चिपमध्येच सापडला की मेमरीपर्यंत जावं लागत नाही. १०८०पी गेममध्ये ही भरपाई खरोखर पुरते. तिथे ४०६० सरळ पुढे आहे आणि बँडविड्थ कमी असल्याचं मला कधी जाणवलं नाही.

रेंडरचा, म्हणजे सीनचं अंतिम चित्र तयार होण्याचा, वेग बघून तर मी पहिले दोन महिने खूश होते. सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) ऑप्टिक्स (एनव्हिडियाचं वेगवान रेंडरचं तंत्र) लावून ज्या सीनला ३०६० वर तास लागायचा, तो ४०६० वर पाऊण तासात उरकायचा. तेही ११५ वॅटमध्ये. ३०६० ला १७० वॅट लागतात. हा ५५ वॅटचा फरक रोज चार तास धरला तर महिन्याला साडेसहा युनिट होतो. बिलापेक्षा मला त्याचं मोल आवाजात कळलं. लांब रेंडर चालू असताना शेजारी बसून फोनवर बोलता यायचं, ३०६० वर उठून बाहेर जावं लागायचं.

तिसऱ्या महिन्यात एक मोठा सीन आला: दिवाणखाना, बाहेर बाग, खूप लाकूड आणि कापड. रात्री रेंडर लावून झोपले. सकाळी उठून बघते तर निम्मंही झालेलं नाही. टास्क मॅनेजरमध्ये कार्डाची मेमरी काठोकाठ भरलेली आणि ‘शेअर्ड’च्या रकान्यात अडीच जीबी. म्हणजे न मावलेला डेटा मशीनच्या रॅममध्ये गेला होता आणि तिथून ये-जा करत होता.

इथे मी हिशेब करायला बसले, आणि तो आधीच करायला हवा होता. टेक्श्चर म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेलं चित्र. ४के टेक्श्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट: ६४ एमबी. डिस्कवर ती जेपेग पाच-सहा एमबीची असेल, पण सायकल्स ती उलगडूनच कार्डात ठेवतं. अशी शंभर टेक्श्चर झाली की साडेसहा जीबीच्या आसपास तिथेच गेले. त्यात भूमिती, बीव्हीएच (किरण कशाला लागतात ते पटकन शोधण्याची रचना), डीनॉइझर (चित्रातले दाणे काढणारा), शिवाय विंडोज आणि ब्राउझर स्वतःचा वाटा घेतात तो वेगळा. ८ जीबी कुठे जातात ते कळतसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट पीसीआयईची, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीची, आणि जुन्या बोर्डवाल्यांनी ही नक्की वाचावी. ४०६० ला फक्त ८ लेन आहेत, ३०६० ला १६. बोर्ड पीसीआयई ४.० असेल तर ८ लेनमधूनही सेकंदाला साधारण १६ जीबी जातात. माझा बी४५० बोर्ड ३.० आहे, त्यामुळे ४०६० ची वाट निम्मी, ८ जीबीच्या आसपास. सगळं कार्डात मावलं तर याचा फारसा त्रास नाही. सांडलं, की त्याच अरुंद वाटेने सगळी वाहतूक. मी रात्री जे बघितलं ते हेच होतं. ३०६० पुन्हा बसवून तोच सीन लावला: मेमरी साडेदहा जीबीपर्यंत चढली, शेअर्ड जवळपास शून्य, आणि रेंडर ठरल्या वेळेत झालं.

लांबच्या वस्तूंची टेक्श्चर २के केली की हाच सीन ४०६० वरही बसतो, कारण २के टेक्श्चर १६ एमबीचं, चौथा हिस्सा. मी ते सवयीने करू लागले होते. पण क्लायंटने ऐन वेळी कॅमेरा सोफ्याजवळ आणायला सांगितला की तीच टेक्श्चर पुन्हा मोठी करत बसावं लागतं, आणि हा वेळ कुठल्याच बेंचमार्कमध्ये दिसत नाही.

गेमबद्दल थोडक्यात. डीएलएसएसचं (एनव्हिडियाचं गेमसाठीचं एआय तंत्र) अपस्केलिंग, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणं, दोन्हीवर चालतं. त्याचं फ्रेम जनरेशन, म्हणजे मधल्या फ्रेम कार्डानेच तयार करणं, फक्त ४०६० वर. मुळात सेकंदाला साठच्या आसपास फ्रेम मिळत असतील तर चित्र छान सलग दिसतं, तीस मिळत असतील तर दिसतं सलग पण हाताला जड लागतं. आणि फ्रेम जनरेशनलाही मेमरी लागते. १४४०पी वर टेक्श्चर अल्ट्रा ठेवून ते चालू केलं तेव्हा वळणावळणावर झटके बसू लागले. टेक्श्चर एक पायरी खाली आणल्यावर थांबले.

रेकॉर्डिंगमध्ये ४०६० निर्विवाद वरचढ. एव्ही१ हा व्हिडिओचा नवा फॉरमॅट डीकोड दोन्ही करतात, एन्कोड फक्त नवं. त्याच बिटरेटला माझ्या शिकवण्याच्या व्हिडिओंत बारीक अक्षरं स्पष्ट राहिली.

मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते भाषा मॉडेल घरी चालवताना. १३ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटमध्ये साधारण ८ जीबीचं होतं. ते ३०६० मध्ये पूर्ण बसतं, ४०६० मध्ये नाही. हे अपेक्षितच होतं. पण दोन्हींत आरामात मावणारं छोटं मॉडेल लावलं तरी उत्तर ३०६० वरच जास्त वेगाने उमटत होतं! कारण प्रत्येक शब्दतुकड्यासाठी मॉडेलचे सगळे आकडे मेमरीतून वाचावे लागतात. काही जीबींच्या डेटापुढे २४ एमबी कॅश कुठे पुरणार? तिथे ३६० विरुद्ध २७२ हाच सामना.

नवं कार्ड घेणाऱ्यांना माझं सांगणं असं: आत्ताच्या कार्डावर स्वतःची सगळ्यात जड फाइल उघडा, टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू मेमरी बघा. सहा जीबीच्या खाली राहत असेल तर ४०६० बिनधास्त घ्या, जास्त सुख देईल. सात-आठला टेकत असेल तर घेऊ नका. आणि जुनं ३०६० शोधत असाल तर डब्यावरची मेमरी नीट वाचा. त्याच नावाचा ८ जीबीचा प्रकारही निघाला होता, त्याची बस १२८ बिटची आणि बँडविड्थ २४० जीबी. मी वर जे कौतुक केलंय ते त्याला लागू नाही.

माझ्या कामाच्या मशीनमध्ये गेल्या महिन्यापासून पुन्हा ३०६० आहे. ४०६० धाकट्या भावाच्या मशीनमध्ये गेलं. त्याचा बोर्ड पीसीआयई ४.० चा, मॉनिटर १०८०पी, आणि त्याला ते फार आवडलंय. रेकॉर्डिंग असलं की मी त्याच्या खोलीत जाऊन बसते.