विकिपीडिया की फॅनविकी? फँटसी रोल-प्लेइंग खेळांवर लिहू पाहणाऱ्यांसाठी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फँटसी रोल-प्लेइंग खेळ, म्हणजे एकेक पात्र घेऊन कल्पित जगात साहसं करण्याचा खेळ, खेळणाऱ्या प्रत्येकाला त्यातला रस्ट मॉन्स्टर हा प्राणी माहीत असतो. त्याच्या लांब मिशा लोखंडाला लागल्या की चिलखत गंजून झडतं आणि तो गंज हा प्राणी खातो. खेळाच्या १९७५ सालच्या 'ग्रेहॉक' या पुरवणी-पुस्तकात तो पहिल्यांदा आला. त्याचं रूप आलं कुठून? खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांना स्वस्तातल्या प्लास्टिकच्या प्राण्यांच्या पाकिटात एक चमत्कारिक खेळणं मिळालं होतं, त्यावरून. आउलबेअर या खेळातल्या दुसऱ्या प्राण्याचा जन्मही अशाच खेळण्यातून झाला.

गंज खाणं ही खेळाच्या जगातली गोष्ट झाली आणि प्लास्टिकचं खेळणं आपल्या जगातली. संध्याकाळचा मोकळा तास विकिपीडियाला द्यायचा की फॅनविकीला, म्हणजे चाहत्यांनी एकाच खेळावर किंवा त्याच्या जगावर चालवलेल्या ज्ञानकोशाला, हे ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारा: तुम्हाला यातलं काय लिहायला जास्त आवडतं?

फॅनविकीवर तुम्ही त्या जगाच्या आत उभं राहून लिहिता. फरगॉटन रेल्म्सचंच बघा. एड ग्रीनवूड यांचं, याच खेळात वापरलं जाणारं हे कल्पित जग १९८७ मध्ये पेटीबंद संचाच्या रूपात बाजारात आलं आणि तेव्हापासून त्यावर इतकी पुस्तकं निघाली, की एकेका शहराच्या गल्ल्या, देवळं, खाणावळी यांचीही स्वतंत्र पानं होऊ शकतात. तिथे मूळ पुस्तक हाच पुरावा. पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक दिला की काम झालं. दोन आवृत्त्यांमध्ये एकाच राजाच्या मृत्यूची वेगवेगळी सालं असतील, तर दोन्ही मांडून तळटीप द्यायची. चांगल्या फॅनविकीवरची माणसं हे काम फार चिकाटीने करतात. मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत रंगणारी खेळाची कथा, चालवणाऱ्या डन्जन मास्टरला रात्री अकरा वाजता एखाद्या सरदाराच्या मुलीचं नाव हवं असतं, तेव्हा तो तिथेच जातो.

विकिपीडियाला ती मुलगी नको असते. तिथे विषय उल्लेखनीय आहे का हे आधी बघतात, म्हणजे खेळाच्या प्रकाशकाशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह लेखनात त्याच्याबद्दल पुरेसं लिहिलं गेलंय का. हा नियम कळेपर्यंत नवे लोक दुखावतात. मीही दुखावलो होतो. एका जुन्या साहस-मॉड्यूलवर (खेळायला तयार साहसाच्या पुस्तिकेवर) मी तीन संध्याकाळी खपून लेख लिहिला. कथानक, नकाशातल्या खोल्या, खलनायकाचा इतिहास, सगळं पुस्तकातून तपासून. लेख ठेवायचा की नाही यावर सात दिवस चर्चा चालली आणि तो यादीकडे पुनर्निर्देशित झाला, म्हणजे त्याचं पान उघडणारा थेट मॉड्यूल्सच्या यादीवर जाऊ लागला. माझे सगळे संदर्भ खेळ काढणाऱ्या कंपनीच्याच पुस्तकांचे होते. त्या चर्चेतल्या माणसांचं म्हणणं बरोबर होतं हे आज मान्य करतो, पण त्या आठवड्यात ते पटणं जड गेलं.

पुनर्निर्देशन म्हणजे पुसून टाकणं नव्हे, हे मला उशिरा कळलं. जुना मजकूर पानाच्या इतिहासात तसाच राहतो. पुढे त्या मॉड्यूलचं एक जुनं परीक्षण हाती लागलं. लॉरेन्स शिक यांच्या १९९१ च्या 'हिरोइक वर्ल्ड्स' या रोल-प्लेइंग खेळांच्या सूचीतही त्याची नोंद होती. नोंद जेमतेम होती, तिच्यावर लेख तरला नसता. परीक्षण मात्र सविस्तर होतं, आणि आणखी एक मिळाल्यावर लेख परत उभा राहिला. कथानकाचे नऊ परिच्छेद होते, त्यांचा एक केला. बाकी जागा कोणी लिहिलं, केव्हा छापलं, लोकांना कसं वाटलं, याला दिली.

स्रोतांची जाण हाच इथला खरा कसब. 'ड्रॅगन' मासिक १९७६ पासून निघत होतं, पण ते टीएसआरचं, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या तेव्हाच्या प्रकाशकाचंच. त्यामुळे टीएसआरच्या पुस्तकाची त्यात आलेली स्तुती उल्लेखनीयतेसाठी उपयोगाची नाही. त्याच मासिकात दुसऱ्या कंपनीच्या खेळाचं परीक्षण आलं असेल तर ते चालू शकतं. 'व्हाइट ड्वार्फ' या ब्रिटिश मासिकातली परीक्षणं मोलाची आहेत, पण ते काढणारी गेम्स वर्कशॉप सुरुवातीला ब्रिटनमध्ये हाच खेळ विकत होती, तेव्हा तारीख बघून वापरा. शॅनन ॲपलक्लाइन यांचा 'डिझायनर्स अँड ड्रॅगन्स' आणि जॉन पीटरसन यांचा 'प्लेइंग ॲट द वर्ल्ड' हे दोन इतिहास हाताशी असतील तर कितीतरी दुबळे लेख सावरता येतील. मला विचाराल तर नवा लेख लिहिण्यापेक्षा हे काम जास्त गरजेचं आहे. संदर्भांवाचून पडलेले परिच्छेद खूप आहेत आणि पुस्तक उघडून बसणारे हात कमी.

प्रवेशाच्या अटींचं थोडक्यात. इंग्रजी विकिपीडियावर थेट नवा लेख काढायला खातं चार दिवसांचं हवं आणि दहा संपादनं झालेली हवीत. त्याआधी धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) किंवा मसुदा म्हणून लिहिता येतं. सहा महिने आणि पाचशे संपादनं झाली, आणि तुम्ही नियमित लिहीत असाल, तर विकिपीडिया लायब्ररीतून एरवी पैसे मोजावे लागणारी नियतकालिकं मोफत वाचायला मिळतात. फॅनविकीवर सहसा खातं काढलं की लगेच सुरुवात.

उतारे उचलायचा मोह दोन्हीकडे होतो, आणि दोन्हीकडे तो चुकीचा. एक अपवाद आहे. जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संच, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. श्रेय देऊन तो मजकूर वापरता येतो. रस्ट मॉन्स्टर त्यात आहे. बिहोल्डर या दुसऱ्या प्राण्याचं वर्णन नाही, म्हणून त्याच्याबद्दल स्वतःच्याच शब्दांत लिहा.

टिकण्याचाही विचार करा. पुष्कळ फॅनविकी जाहिरातींवर चालणाऱ्या कंपन्यांच्या जागेवर उभ्या आहेत. मंडळी कंटाळून दुसरीकडे गेली तरी जुनी पानं बहुधा तिथेच राहतात, आणि मग एकाच जगाच्या दोन विकी होतात. विकिपीडिया ना-नफा संस्था चालवते, तो धोका तिथे कमी. मात्र तिथे तुमचं वाक्य उद्या कोणी अर्ध्यावर आणेल, याची तयारी हवी.

तुमच्या कपाटात मोहिमांची पुस्तकं असतील आणि खेळाचं जग तोंडपाठ असेल, तर फॅनविकीवर जा. तिथे तुमच्यासारख्यांची वाट बघतात. जुनी मासिकं, मुलाखती, खेळांचे इतिहास वाचायची आवड असेल, तर विकिपीडियाच निवडा, आणि सुरुवात अशा लेखापासून करा ज्याच्या माथ्यावर 'संदर्भ हवेत' अशी पाटी आहे. दोन्ही आवडत असेल तर खेळाच्या जगातला तपशील फॅनविकीवर ठेवा आणि प्लास्टिकच्या खेळण्याची गोष्ट विकिपीडियावर, संदर्भासकट.