पिकअपचं अॅव्हरेज: तासगाव-सांगली पट्ट्यात वापरल्यावरचा अनुभव

गाडी बोलेरो पिकअप, १.७ टनी, अडीच लिटरचं डिझेल इंजिन. काम तासगाव तालुक्यातलं. हंगामात द्राक्षाची कॅरेट, पुढे बेदाण्याचे बॉक्स सांगलीच्या मार्केट यार्डात, अधूनमधून पुणे, आणि एरवी खत, पेंड, औषधं, मिळेल ते भाडं. ओढायला दमदार आहे, बागेच्या बांधापर्यंत जाते आणि सुटे भाग कुठल्याही नाक्यावर मिळतात. ज्यांच्या दारात ही गाडी उभी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. दिवाळीपासून मी डिझेलच्याच मागे लागलोय, म्हणून लिहितोय तेही डिझेलबद्दलच.

आपल्याकडे "अॅव्हरेज किती देते?" म्हटलं की उत्तर तयार असतं, "तेरा", "चौदा", कुणी छातीठोक "सोळा". भरलेली की मोकळी, घाटात की सपाटीला, हे कुणी सांगत नाही. त्यात बहुतेक जण पाचशे-हजाराचं डिझेल टाकतात आणि डिझेलचा काटा किती उतरला त्यावरून हिशेब लावतात. काटा अंदाज देतो, माप देत नाही. त्यामुळे एखादी गोष्ट करून फायदा झाला की तोटा, हे कळायला मार्गच राहत नाही.

म्हणून पहिलं काम मापाचं. टाकी फुल करायची, पंप एकच, मशीनही एकच, आणि गाडीचं तोंड दर वेळी त्याच बाजूला, कारण पंपाच्या फरशीला उतार असतो आणि त्याप्रमाणे टाकीत कमीजास्त मावतं. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. डिझेलला फेस येतो, तो बसल्यावर "साहेब, राउंड फिगर करू का?" म्हणून पोरं पुन्हा दाबतात, तिथं हिशेब बिघडतो. आणि थोडक्या डिझेलवर माप घेऊ नये. आठ लिटरच्या भरण्यात एका लिटरची गफलत झाली तर आकडा बारा टक्क्यांनी हलतो, चाळीस लिटरमध्ये तीच गफलत अडीच टक्क्यांची. पंपाच्या मापाबद्दलच शंका असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागून घ्या, ते पंपावर ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाईकाला मोजून दाखवावं लागतं. पहाटे भरलं की जास्त डिझेल येतं हे मात्र मनातून काढून टाका. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

दुसरं माप किलोमीटरचं, आणि इथं बरेच जण फसतात. मीटर चाकाचे फेरे मोजतो. टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो, तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त होतात आणि मीटर किलोमीटर वाढवून दाखवतो. पाच-सहा मिलीमीटर गोटी, म्हणजे टायरवरची नक्षी, झिजली की दीड ते दोन टक्के फरक पडतो. म्हणून नवे टायर टाकले की अॅव्हरेज पडल्यासारखं वाटतं. थोडं पडतंही, कारण नव्या टायरला लोळायला जोर जास्त लागतो. पण बाकीचा फरक मीटरचा असतो. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी वीसेक किलोमीटर मीटर ताडून बघा आणि फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

वहीत मी लिटरला किलोमीटर लिहीत नाही, शंभर किलोमीटरला किती लिटर ते लिहितो. कारण साधं आहे. भरलेल्या गाडीचं अकराचं बारा झालं तर शंभर किलोमीटरला पाऊण लिटर वाचतं. मोकळ्या गाडीचं चौदाचं पंधरा झालं तर अर्ध्या लिटरपेक्षा कमी. म्हणजे भरलेल्या गाडीचं सुधारलेलं एक किलोमीटर मोकळ्या गाडीच्या एका किलोमीटरपेक्षा खिशाला जास्त उपयोगी. लिटरला किलोमीटर बघत बसलं तर हे दिसतच नाही. शेजारी वजनकाट्याच्या पावतीवरचं वजनही लिहितो.

चाचणीचा रस्ता निवडला मिरज ते कवठेमहांकाळ, रत्नागिरी-नागपूर महामार्ग. चौपदरी, काँक्रीटचा, थांबे कमी. तासगाव-सांगली रस्त्यावर चाचणी होत नाही. कवठे एकंद, बुधगाव, माधवनगर, आणि ऊसतोडीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, तिथं प्रत्येक दिवस वेगळा. कवठेमहांकाळकडेही एक गोष्ट सांभाळावी लागते, वारा. ढालगावच्या बाजूला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा इतका असतो की जाताना गाडी ढकलल्यासारखी पळते आणि येताना पायाखाली जोर लागतो. म्हणून जाऊन-येऊन मिळूनच आकडा धरायचा. चढउताराचा हिशेबही त्यातच मिटतो.

आता वेग. मालवाहू पिकअपला ८० चा स्पीड लिमिटर असतो, त्यामुळे बरेच जण पाय दाबून त्या ८० लाच गाडी टेकवून ठेवतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी ६५ ला चालवलं की तो जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो. पिकअपचं तोंड सपाट, मागे कॅरेटची चळत केबिनच्या वर गेलेली, म्हणजे हवेला अडवायला आपण भिंतच घेऊन चाललेलो असतो. साठ किलोमीटरच्या पट्ट्यात ८० ने पाऊण तास लागतो, ६५ ने पंचावन्न मिनिटं. दहा मिनिटं उशीर सोसायची तयारी असेल तर यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही. माझ्या वहीत सगळ्यात मोठा फरक याच एका बदलाने पडलेला दिसतो. मात्र ६५ ला टॉप गिअरमध्ये भरलेली गाडी चढाला कुंथायला लागली तर लगेच खालचा गिअर टाका. कुंथवण्यात बचत नाही, इंजिनाचे हाल आहेत.

टायरची हवा हा दुसरा मोठा विषय. हवा भरणारा चारी टायरला एकच आकडा मारतो, सवयीने. पिकअपला पुढची आणि मागची हवा वेगळी असते आणि माल भरल्यावर मागची बरीच जास्त लागते. गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत आकडा दिलेला आहे, तोच धरायचा आणि सकाळी टायर थंड असताना बघायचा. चालून आलेला टायर गरम असतो, तेव्हा हवा जास्त दाखवते आणि माणूस उलट कमी करून बसतो. मी स्वतःचा गेज घेतला आणि दर आठवड्याला तपासतो. मागच्या टायरच्या कडा एकसारख्या झिजायला लागल्या, हा वेगळा फायदा.

ब्रेक घासतोय का ते बघायला गॅरेजची गरज नाही. ब्रेक फारसे न मारता दहा-पंधरा किलोमीटर चालवायचं, अलगद थांबायचं आणि चारी चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्यायचा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथं ब्रेक धरतोय. पावसाळ्यानंतर माझ्या मागच्या डाव्या चाकाला असंच झालं. जॅकवर उचलून हाताने फिरवलं तर अर्धा फेरा होऊन थांबायचं, उजवं मोकळं फिरत होतं. मिस्त्रींनी ड्रम उघडला, आतली चिखलाची पूड साफ केली, अॅडजस्टमेंट केली. म्हणाले, "दादा, हे असंच राहिलं असतं तर डिझेल गेलं असतं आणि लायनरही गेलं असतं."

उतारावर न्यूट्रल करायची सवय ज्यांना आहे त्यांना हात जोडून सांगतो, सोडा. आताच्या इलेक्ट्रॉनिक डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय पूर्ण उचलला की इंजेक्टर डिझेल देणंच बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल जास्त जातं. त्यात इंजिनाचा धरही सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सांगलीहून माल भरून पुण्याकडे जाताना खंबाटकी घाटातला जुना बोगदा संपला की उतार आणि ते एस आकाराचं वळण लागतं, तिथं किती गाड्या उलटल्या हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. गाडी बंद करून उतरवणं तर त्याहून वाईट, ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो.

मार्केट यार्डात वजनकाट्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवणं मी पूर्ण बंद केलं. या आकाराचं डिझेल इंजिन नुसतं उभं राहून तासाला अर्धा-पाऊण लिटर खातं. बेदाण्याच्या हंगामात रांग किती लांबते ते सांगायला नको.

हौद्याचा मागचा फाळका, म्हणजे मागची उघडणारी फळी, उघडा ठेवला की हवा निघून जाते, असं पुष्कळ जण म्हणतात. उघड्या हौद्याच्या पिकअपला फाळका बंद असलेलाच बरा. आत हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकून जाते. ताडपत्री मात्र ताणून बांधा. फडफडणारी ताडपत्री डिझेल खाते आणि फाटतेही. पाइपलाइनवर लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर पैसे घालू नका. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशा शंभरावर वस्तू तपासल्या, मोजक्या सोडल्या तर कशाचाच उपयोग दिसला नाही.

हे सगळं धरून माझी गाडी मिश्र वापरात शंभर किलोमीटरला सव्वानऊ लिटरच्या आसपास खात होती, ती आता सव्वाआठच्या आसपास आली आहे. लिटरला पावणेअकरावरून बारा.

पण खरी बचत परतीच्या भाड्यात आहे. सांगली ते पुणे साधारण २३५ किलोमीटर. दीड टन भरून जाताना एकवीस-बावीस लिटर, मोकळं येताना सतरा. म्हणजे टनामागे पंचवीस-सव्वीस लिटर. परत येताना तेवढाच माल मिळाला तर तोच हिशेब टनामागे चौदावर येतो. टायर, वेग, ब्रेक सगळं मिळून एवढं वाचत नाही. म्हणून आता पुण्याचं भाडं घ्यायच्या आधी परतीच्या मालासाठी फोन करतो. माल मिळाला तर गिऱ्हाईकाला दर कमी सांगतो. नाही मिळाला तर मोकळ्या परतीचे सतरा लिटर भाड्यात धरतो आणि कुणी घासाघीस केली तर वही उघडून तो आकडा दाखवतो.