पाटणची बुद्धमूर्ती: वर्षभरानंतर, मुख्यतः तळाच्या पत्र्याबद्दल

मूर्ती देखणी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार तळाच्या पत्र्याची आहे.

नेपाळमधल्या पाटणला, महाबौद्ध मंदिराजवळच्या गल्लीतून आठ इंची शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध, घेतले. किंमत आमच्या दोन महिन्यांच्या घरभाड्याएवढी. धूळ पुसायला उचलले आणि विश्ववज्र (एकमेकांवर आडवी ठेवलेली दोन वज्रं) कोरलेला तांब्याचा पत्रा सुटून हातात आला! विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर: "पाठवून द्या, बसवून देऊ, कुरिअर तुमचं." इतके पैसे मोजून साधा पत्रा धड बसत नाही? संताप झाला.

डाग देऊन (धातू वितळवून सांधून) घ्यावा म्हणून पुण्यात तांबट आळीत गेले. तिथल्या काकांनी मूर्ती उलटी करून आत बॅटरी मारली. पोकळीत भाजलेल्या मातीचे काळपट पुंजके अजून चिकटलेले. माझं मत तिथेच बदललं. ती माती साच्याची होती. अशी मूर्ती घडवताना मेणाच्या मूर्तीवर आधी माती-शेणाचा बारीक लेप, मग भाताचा तूस घातलेली जाड माती. आच दिली की मेण वाहून जातं, त्या जागी धातू ओततात. मूर्ती काढायला साचा फोडावाच लागतो. त्या साच्यातून दुसरी निघत नाही.

"ताई, डाग नको. आच लागली तर चेहऱ्यावरचं सोनं जाईल," काका म्हणाले. खरंच होतं. अंगावरचा मुलामा पारा-सोन्याचा, आचेवर पक्का केलेला. चेहऱ्यावर मात्र सोन्याची पूड सरसात कालवून कुंचल्याने लावतात, म्हणून तो चकाकत नाही, शांत दिसतो. पत्राही डागाने बसवायचा नसतोच. मंत्रांच्या गुंडाळ्या आत भरून विधी झाला, की कडेचा धातू छिन्नीने उठवून पत्र्यावर दाबतात. माझी मूर्ती रिकामी होती, पत्रा नुसता अडकवलेला. विक्रेत्याला हे एका वाक्यात सांगता आलं असतं.

तळाचं मला इतकं का, तर मुद्रा भूमिस्पर्श आहे. बुद्धांना मोहात पाडू पाहणाऱ्या माराने साक्षीदार मागितला तेव्हा बुद्धांनी भूमीला हात लावला. अजिंठ्याच्या २६व्या लेण्यात हाच प्रसंग कोरलाय. माझ्या मूर्तीतही उजव्या हाताची बोटं खाली कमळाकडे गेलीत. ज्या मूर्तीचा सगळा अर्थ खालच्या दिशेला आहे, तिचा तळ दुर्लक्षित कसा चालेल?

काकांनी कड चार ठिकाणी हलकेच दाबून दिली, पुन्हा उघडता येईल अशी. पैसे अगदी किरकोळ. घेणार असाल तर मूर्ती उलटी करून, पत्रा काढायला लावून आत बघा. विक्रेता नाही म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.