क्यूजीआयएस : बस रूट आखणाऱ्याच्या नजरेतून

रूट प्लॅनिंगच्या कामात नवीन येणारी पोरं पहिलं हेच विचारतात की सॉफ्टवेअर कुठलं शिकू, आणि माझं उत्तर बरीच वर्षं एकच आहे, क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे बनवायचं आणि त्यावर मोजमाप करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे हे तर आहेच, लायसन्सला एक रुपया लागत नाही, २००२ साली गॅरी शर्मन यांनी सुरू केलं आणि आज जगभरातले लोक मिळून ते चालवतात. पण मी सांगतो ते वेगळ्या कारणासाठी. आमच्या कामातला सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे हा स्टॉप नक्की कोणाला चालत जवळ पडतो, आणि त्याचं खरं उत्तर यात मिळतं.

मुंबईत हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाहीये. बहुतेक रिपोर्टमध्ये स्टॉपभोवती ४०० मीटरचा गोल काढतात, आतली लोकसंख्या मोजतात आणि मोकळे होतात. कुर्ल्याचंच घ्या. पूर्वेला रुळांच्या बाजूला स्टॉप टाकला की गोल सरळ रुळांवरून पश्चिमेला जातो आणि कागदावर तिकडच्या चाळीपण कव्हर झाल्या. पण तिथली बाई कडेवर पोर आणि हातात पिशवी घेऊन रूळ ओलांडणार आहे का, तिला आधी पुलापर्यंत जायचंय, जिने चढायचेत, गर्दीतून पलीकडे उतरायचं आणि मग स्टॉपपर्यंत परत मागे चालत यायचं. रूळ, मिठी नदी, नाले, हायवेचा डिव्हायडर, कंपाउंडच्या लांबच लांब भिंती, आपलं शहर जागोजागी असं तुटलेलं आहे आणि त्या गोलाला यातलं काहीच कळत नाही.

क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये नेटवर्क अ‍ॅनालिसिसखाली सर्व्हिस एरिया नावाचं टूल आहे. क्विकओएसएम हे प्लगइन (वरून जोडायचं छोटं टूल) टाकून ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावरचे रस्ते, गल्ल्या, पादचारी पूल उतरवून घ्या, स्टॉपचा लेयर, म्हणजे नकाशावरचा स्टॉपचा थर द्या, ४०० मीटर लिहा, आणि चालत खरंच जिथवर पोचता येतं तेवढ्याच गल्ल्या रंगून समोर येतात. मीटिंगमध्ये हा नकाशा आणि तो गोल शेजारी शेजारी ठेवले की फार बोलावं लागत नाही, स्टॉप पुलाच्या पायथ्याशी सरकवता येतो का एवढीच चर्चा उरते. आणखी एक, अंतराऐवजी वेळेवर हिशोब लावता येतो, म्हणजे जिन्यांना कमी स्पीड द्यायचा. म्हाताऱ्या माणसाला स्कायवॉकचे जिने आणि सपाट फुटपाथ सारखा नसतो, हे आकड्यात उतरवायला मिळतं याचं मला मनापासून कौतुक आहे. फक्त पूल नकाशात रस्त्याला नीट जोडलेला आहे ना ते आधी बघा, आणि शक्य असेल तर तिथे जाऊन बघा, कारण बंद पडलेला पूल घरबसल्या कळत नाही.

बसचा डेटा जीटीएफएसमध्ये, म्हणजे रूट, स्टॉप आणि वेळा लिहायच्या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये असेल तर काम अजून सोपं. हा फॉरमॅट २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडची वाहतूक संस्था ट्रायमेट आणि गूगलने मिळून काढला, आतमध्ये साध्या टेक्स्ट फाइल असतात, स्टॉपच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश असतात त्यामुळे ती सरळ नकाशावर उघडते. वेळेचा कॉलम मात्र टेक्स्ट म्हणूनच घ्या, कारण मध्यरात्रीनंतर सव्वाची गाडी तिथे २५:१५ अशी लिहिलेली असू शकते आणि ते बरोबरच आहे, गाडीचा कामाचा दिवस बारा वाजता संपत नाही ना.

नवीन माणसाने सगळ्यात जास्त सांभाळायची गोष्ट म्हणजे प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत. अक्षांश-रेखांशाच्या लेयरवर बफर, म्हणजे ठरावीक अंतराचा घेर काढायला गेलात तर ते अंतर अंशात धरतं, मीटरमध्ये नाही. मुंबईसाठी मीटरमध्ये मोजणारं प्रोजेक्शन म्हणजे यूटीएम झोन ४३ उत्तर, ईपीएसजी कोड ३२६४३, आधी त्यात लेयर बदलून घ्या आणि मगच मोजा.

आता हे काय करत नाही ते. टाइमटेबल आणि ड्युटी लावणं याचं काम नाही. समजा जायला ४५ मिनिटं, यायला ४५, दोन्ही टोकांना ५-५ मिनिटं थांबा, म्हणजे एक चक्कर १०० मिनिटांची, दर १० मिनिटांनी गाडी हवी तर १० गाड्या लागल्या. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तीच चक्कर १२० मिनिटांवर गेली की त्याच हेडवेला, म्हणजे दोन गाड्यांमधल्या त्याच १० मिनिटांच्या अंतराला १२ गाड्या, आणि त्या दोन जादा गाड्या आणि त्यांचे चालक-वाहक नसतील तर स्टॉपवरच्या माणसाची वाट बघणं वाढतं. हा हिशोब एक्सेलमध्ये करा, मोठी एजन्सी असेल तर शेड्यूलिंगचं वेगळं सॉफ्टवेअर घ्या. आणि लोकसंख्येचा नकाशा म्हणाल तर आपल्याकडे हाताशी असलेली जनगणना २०११ ची आहे, त्यानंतर बैठ्या वस्तीच्या जागी टॉवर उभे राहिलेत, ते कितीही चांगल्या सॉफ्टवेअरला आपोआप दिसणार नाही. तिथे मी इमारतींचा लेयर आणि प्रत्यक्ष पाहणी यावरच जास्त विश्वास ठेवतो.

लॅपटॉप फार भारी नको, ८ जीबी रॅमवर माझं काम चालतं, पूर्ण मुंबईचं रोड नेटवर्क एकदम न घेता हवा तेवढा भाग कापून घ्यायचा. फाइल जिओपॅकेज या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, शेपफाइल या जुन्या फॉरमॅटमध्ये कॉलमचं नाव १० अक्षरांच्या पुढे जात नाही.

देवनागरी लेबलं नीट येतात, जोडाक्षरं तुटत नाहीत, हे माझ्यासाठी खूप मोठं आहे. ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फॉन्ट लावा, मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी बनवलाय आणि फुकट मिळतो. डेपोतल्या लोकांसमोर स्टॉपची नावं मराठीत असलेला नकाशा पसरला की ते स्वतःच पेन घेऊन सांगायला लागतात, इथे गाडी वळत नाही, इथे शाळा सुटली की वीस मिनिटं अडकते, पावसात मिलन सबवेकडून नेऊ नका. ही माहिती कुठल्याच डेटाबेसमध्ये नसते, त्यामुळे नकाशा मोठ्या कागदावर प्रिंट करून न्या आणि समासात लिहायला भरपूर जागा सोडा.

डाउनलोड करताना एकदम नवीन व्हर्जन न घेता लाँग टर्म रिलीज (जास्त काळ दुरुस्त्या मिळत राहतात ते स्थिर व्हर्जन) लिहिलेलं घ्या, प्लगइन त्यावर व्यवस्थित चालतात.